भगताला सांगितलेलं नाव

"नाव सांग, तुलसा. नाव नाई सांगतलं तं पोर हातची जाईन."

भगताचा हा आवाज माझ्या आईने वीस वर्षांपूर्वी ऐकला. तो तिच्या कानातून कधी गेलाच नाही. पोर म्हणजे मी, रुची, तेव्हा आठ महिन्यांची, तापाने फणफणलेली. भगताने सुपात तांदूळ पसरले होते आणि पोरीला काल कोणी कोणी उचललं ते तो विचारत होता. पुष्कळांनी उचललं होतं. शेजारच्या सुशिलाबाईंनी तर मांडीवर घेऊन पेज भरवली होती. आई भ्यायलेली. तिच्या तोंडून तेच नाव निघालं.

ताप उतरला तो आमगावच्या निर्मलाबाई नर्सच्या औषधाने. पण यश गेलं भगताला, आणि करणीचा डाग लागला सुशिलाबाईंना. नाव कोणी दिलं ते गावाला कळलं नाही. सांगणाऱ्याला भगत उघडं पाडत नसे, तशी रीतच होती. पुढे भगत वारला. डाग राहिला. सुशिलाबाईंच्या धानाच्या बांधीत गावची बाई रोवायला जाईना, त्यांच्या हातचं पाणी कोणी पिईना.

आई दर रविवारी निर्मलाबाईंकडे प्रार्थनेला जाते. आधी औषधाचे उपकार म्हणून गेली, मग येशूच्या ओढीने. बाबा म्हणतात, "जाऊ दे तिले. तिथून येते तं दोन दिवस माह्याशी भांडत नाई." पण प्रार्थनेत ती वर्षानुवर्षं एकाच जागी, सुशिलाबाईंच्या नावापाशी, अडायची. यंदा तिने निर्मलाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तिचा हात धरला. मग म्हणाल्या, "देवाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, तुलसा. तरी तो तुला लेकच म्हणतो. ज्याने एवढी माया केली, तो तुला गावापुढे एकटी सोडेल का?"

आषाढ सरत आला तसे सुशिलाबाईंचे परे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडू लागले. छत्तीसगडकडून रोवायला येणाऱ्या बाया यंदा आल्याच नाहीत. आठ दिवसांत रोवणा झाला नाही तर साल हातचं जाणार होतं. त्या सकाळी चुलीपुढे आईने मला सारं सांगितलं, आणि म्हणाली, "आज तिच्या बांधीत चालली मी. तिले सांगून टाकतो."

"रोवून ये ना," मी म्हटलं. "सांगतेस कायले? पुढच्या महिन्यात पाहुणे येऊन राहिले मले पाहाले. मोडलं तं?"

"मोडू शकते." आईने भाकर उलटली. "मी का भेवत नाई का, रुची? पण भेवापायी एका बाईचं जगणं नासवलं मी. आता त्या भेवाले अजून किती खाऊ घालू?"

मी रागाने उठले आणि ओमेश्वरीकाकूच्या टोळीत रोवायला गेले. आमची बांधी सुशिलाबाईंच्या बांधीला लागूनच, मधे एक मातीचा धुरा. बाया ओळीने वाकलेल्या, मागे मागे सरकत परे रोवत होत्या. तेवढ्यात आई धुऱ्यावरून आली आणि पलीकडे उतरली.

"तुलसा, रस्ता चुकली का वं?" ओमेश्वरीकाकू ओरडली. "आमी इकडे हाओत."

"नाई, बरोबर आली," आई म्हणाली. सुशिलाबाईंच्या लोट्यातलं पाणी ती घटघट प्यायली, सगळ्यांदेखत. आमच्या ओळीतल्या बाया रोवणं सोडून बघू लागल्या.

"काऊन आलीस?" सुशिलाबाई हळू म्हणाल्या, पण ऐकू आलं. "तुयी पोरगी लग्नाची हाय. माह्या बांधीतला चिखल तुया पायाले दिसला तं लोक का म्हणतीन? जाय."

आई गेली नाही. जुडी घेतली, वाकली आणि गाऊ लागली. चाल रोवण्याची, शब्द तिचे तिनेच बांधलेले.

*हाती पऱ्याची वं जुडी, पाय चिखलात रोवू,*
*माहा येशू माह्या संगं, मी कोनाले वं भेवू.*

त्या बांधीत वीस वर्षांत गावच्या बाईचं गाणं झालं नव्हतं. सुशिलाबाईंचे हात थांबले. त्यांनी डोळ्याला पदर लावला.

आई इथेच थांबली असती तरी चाललं असतं. सुशिलाबाईंनी तिला आशीर्वाद दिले असते, पुढेमागे गावानेही तिला मोठ्या मनाची म्हटलं असतं. मी मनात म्हणत होते, थांब, आता बस. तिने जुडी खाली ठेवली आणि पाठ सरळ केली. एवढं भिणारं माणूस एवढं सरळ उभं राहताना मी पाहिलं नव्हतं. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी हातातली जुडी टाकली, धुरा ओलांडला आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती सुशिलाबाईंकडे वळली, आणि आमच्या टोळीतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"सुशिलामावशी, भगताले तुमचं नाव मी सांगतलं होतं. तुमी माह्या पोरीले पेज भरवली, दुसरं काईच केलं नोतं. मी भेली होती, मावशी. खोटं बोलली मी."