नारंगी दिव्याचं दार

या मित्रांनो, जरा जवळ येऊन बसा. माझा आवाज बारीक आहे. ही घरघर ऐकू येते ना, ती माझ्या पंख्याची. तिकडे लक्ष देऊ नका, तो म्हातारा झालाय. आज तुम्हाला एका दाराची गोष्ट सांगतो. हसवणारी नाही, आधीच सांगून ठेवतो. पण माझ्या अंगावरून गेलेली आहे.

मी एक जुना स्विच आहे. बटण दाबलं की दिवा लागतो, तो नव्हे. त्याचं माझं नुसतं नाव सारखं, नातं काही नाही. मी म्हणजे एक चपटी लोखंडी पेटी. तोंडावर ओळीनं दारं. लोक त्यांना पोर्ट म्हणतात, मी दारंच म्हणतो, कारण तिथून ये-जा चालते. प्रत्येक दारात एक केबल खोचलेली आणि प्रत्येक दारावर एक बारका दिवा. फोन, कॉम्प्युटर, बेल, सगळ्यांचे निरोप एका दारातून घ्यायचे आणि ज्याचे त्याला बरोबर दारातून पोचवायचे, हा माझा धंदा. पोस्टमनसारखाच, फक्त पाय दुखत नाहीत.

कारखान्यात एका लांब टेबलावर माझा जन्म झाला. तोंडाला फडकं बांधलेल्या बायकांनी माझ्या पोटात बारीक बारीक तुकडे बसवले, झाकण लावलं आणि पाठीवर एक नंबर चिकटवला. साधारण असं, की आधी जन्मलेल्याचा नंबर लहान, नंतरच्याचा मोठा. हा नंबर पुढे माझं नशीब ठरवणार आहे हे तेव्हा मला काय ठाऊक? खोक्यात घातलं, अंधारात ठेवलं, आणि एक दिवस उजेड दिसला तो एका वृद्धाश्रमात.

तिथे आम्ही तिघं आलो. ज्याचा नंबर सगळ्यात लहान तो थोरला, त्याला ऑफिसात बसवलं. मधला गेला स्वयंपाकघराच्या कोठारात. आणि मी धाकटा, मला मागच्या इमारतीच्या बोळात, भिंतीतल्या जाळीच्या कपाटात टांगलं. समोर म्हाताऱ्या माणसांच्या खोल्या. प्रत्येक खाटेपाशी एक बेल. कुणी ती दाबली की निरोप माझ्याकडे येणार, मी तो थोरल्याला देणार, आणि थोरला तो सिस्टरच्या खोलीत वाजवणार.

फिटरनं आम्हा तिघांना तीन केबलींनी जोडलं. ऑफिस ते मी, ऑफिस ते कोठार, आणि कोठार ते मी. आणि त्याच दिवशी आमची पार फजिती झाली. कुठल्याशा फोननं सगळ्यांसाठी म्हणून एक प्रश्न विचारला. सगळ्यांसाठीचा निरोप आला की आम्ही तो बाकीच्या सगळ्या दारांतून पुढे ढकलतो. मी ढकलला, मधल्यानं ढकलला, थोरल्यानं ढकलला. तो गोल फिरून माझ्याकडेच परत आला. मी आपला इमानदार, पुन्हा पुढे ढकलला. असा तो फिरतच राहिला, आणि फिरता फिरता एकाचे शंभर झाले. फोन मुके, बेल मुक्या, आमचे दिवे वेड्यासारखे लुकलुकतायत.

तेव्हाच्या मेट्रनबाई कमरेवर हात ठेवून आल्या. "काय हो, एकदम सगळंच कसं गेलं?"

"गोल झालाय बाई. निरोप गोल फिरत बसलाय," फिटर म्हणाला.

"मग ती तिसरी केबल काढून टाका. कशाला हवी?"

"काढली तर आजचं भागेल. पण उद्या दुसरी एखादी तुटली तर? ती राहू दे. ह्यांना घरातली शिस्त लावायची राहिली माझ्याकडून."

त्यानं लॅपटॉप उघडला आणि आम्हाला शिस्त लावली. फिटर लोक तिला स्पॅनिंग ट्री म्हणतात. आधी घरातला मोठा कोण ते ठरलं. ज्याचा नंबर लहान तो मोठा. अक्कल कुणी विचारत नाही, फक्त नंबर. थोरला मोठा झाला. मग बाकीच्यांनी बघायचं, आपल्या कुठल्या दारातून थोरला सगळ्यात जवळ पडतो. माझं पहिलंच दार सरळ ऑफिसला जायचं, ते माझं थोरल्याकडचं दार झालं. मधल्यानंही आपलं तसंच दार ठरवलं. मग राहिली मधल्याची नि माझी केबल. प्रत्येक केबलीची जबाबदारी एकाच टोकानं घ्यायची, ज्याला थोरला जवळ त्यानं. आम्हा दोघांना तो सारखाच जवळ. मग पुन्हा नंबर काढले. मधल्याचा लहान निघाला, जबाबदारी त्याच्या दाराला मिळाली. आणि माझ्या दाराला सांगितलं, तू मिटून राहा. खाटांकडच्या सगळ्या दारांची जबाबदारी माझीच, त्यांवर हिरवे दिवे. ह्या एकावर नारंगी.

"हा नारंगी बघून दार बिघडलंय असं समजू नका हं," फिटर म्हणाला. "थोरला सारखी हाक देत असतो, 'मी आहे, मी आहे' म्हणून. ती मधल्याकडून ह्या दारात येते. हे गप्प बसून ऐकतं. ज्या दिवशी समोरची वाट तुटेल, त्या दिवशी हे उघडेल."

मेट्रनबाई म्हणाल्या, "म्हणजे घरातल्या सुनेसारखं. बोलायचं नाही, ऐकायचं, आणि वेळ आली की सगळं उचलायचं."

तशी वेळ एकदा आलीही. कुणीतरी कपाट सरकवताना ऑफिसची केबल चेपली आणि माझं पहिलं दार आंधळं झालं. मिटलेल्या दारानं क्षणभर कान दिला, आणि उघडलं. बेल मधल्याकडून फिरून थोरल्याकडे जायला लागल्या. वृद्धाश्रमात कुणाला पत्ताही लागला नाही. बऱ्याच दिवसांनी फिटर आला, त्यानं केबल बदलली, दार पुन्हा मिटलं. जाताना त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

मग वर्षं गेली. मेट्रनबाई निवृत्त झाल्या. फिटरचं येणं बंद झालं. कपाटात धूळ साठली, एका कोळ्यानं माझ्या कोपऱ्यात संसार थाटला. आणि माझी देखभाल आली वायरमनकडे.

त्याला सगळे फ्यूजकाका म्हणायचे. काहीही बिघडू दे, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "फ्यूज बघितला का?" नळ गळतोय म्हणून सांगितलं तरी तोंडातून तेच निघायचं. त्याची बायको इथेच धुलाईघर सांभाळायची. तिचा आवाज असा, की ऑफिसला फोन करायची तिला कधी गरज पडली नाही. सगळे तिला काकू म्हणायचे. मग एका सकाळी तिची उजवी बाजू गेली, आणि आवाजही गेला. माझ्या कपाटासमोरच्या खोलीत तिला खाट मिळाली. उरला एक डावा हात, आणि त्या हातात बेल.

ती बेल म्हणजे तिची जीभच झाली. एकदा दाबली तर सिस्टरनं यायचं, लागोपाठ दोनदा दाबली तर फ्यूजकाकानं. उशी सरकव, खिडकी लाव, आणि कधी कधी काहीच नाही, नुसतं ये.

सिस्टर बोळातून ओरडायची, "काका, तुमची बेल."

"माझी कुठली, तिची."

"एक दिवस त्या बटणाला भोक पडणार आहे."

"पडू दे. आधी माझे कान झिजवायची, आता बटण झिजवते."

आणि काकू अर्ध्या तोंडानं हसायची. ते हसू मी जाळीतून बघायचो.

पण त्याचं कामाचं खोपटं होतं मागच्या अंगणात. तिथे पंखे दुरुस्त करत बसायचा आणि सारखा उठून खोलीत डोकावून जायचा. त्यांच्या परगावच्या लेकीनं ते ऐकलं आणि एक कॅमेरा पाठवला. काकूच्या खाटेसमोर कॅमेरा, खोपट्यात टीव्हीसारखा पडदा, म्हणजे काम करता करता ती दिसेल. कॅमेरा माझ्या एका रिकाम्या दारात खोचला. पण खोपट्यापर्यंत केबल हवी होती. आणि खोपट्याच्या खिडकीखालून एक केबल आयतीच जात होती. माझ्याकडून कोठाराकडे.

फ्यूजकाकानं कपाट उघडलं, बॅटरी मारली. "ह्या दाराचा दिवा बघ, नारंगी. केव्हाचं मेलंय हे."

"विचारून घ्या हो कुणाला तरी," सिस्टर म्हणाली.

"कुणाला विचारू? ऑफिसकडे एक वायर जाते, बास झाली. एका घराला दोन दोन वाटा कशाला? कुण्या गाढवानं टाकून ठेवलीय."

"फ्यूज बघितला का?" सिस्टरनं त्यालाच चिडवलं.

तो हसला, आणि गेला. खिडकीखाली त्यानं केबल कापली, माझ्याकडच्या टोकाला खोचायचं नवं बोंडूक बसवलं आणि ते पडद्याच्या डब्यात खोचलं.

इकडे माझ्या मिटलेल्या दारात मधल्याकडून येणारी हाक थांबली. दार थोडा वेळ ऐकत राहिलं. काही नाही. मग आमच्या शिस्तीप्रमाणे, ह्या केबलीवर आता दुसरा कुणी स्विच नाही म्हणून जबाबदारी माझी झाली, आणि दिवा हिरवा लागला.

तो धावत बघायला आला. जाळीवर टिचकी मारून म्हणाला, "बघितलंस? मेलेलं दार जिवंत केलं."

मित्रांनो, माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचत असता तर मी तेव्हा बोंब मारली असती.

काही दिवस मात्र छान गेले, ते खोटं कशाला सांगू. तो खोपट्यात पंख्यांच्या तारांना डाग देत बसायचा, मान वर करून पडद्याकडे बघायचा. तिला कॅमेरा कळला होता. ती त्याच्याकडे बघून डाव्या हातानं ठेंगा दाखवायची. सगळं माझ्यातूनच जायचं, म्हणून मला माहीत.

मग एका दुपारी ऑफिसात सुतार फळी ठोकायला आला. त्यानं भिंतीत ड्रिल घातलं आणि आतली माझी केबल तोडली. त्याला कळलंही नाही, मातीच पडली म्हणाला.

माझं थोरल्याकडचं दार गेलं. मी दुसरं दार शोधलं, सगळी दारं धुंडाळली. थोरल्याची हाक कुठूनच येईना. आणि मित्रांनो, आमच्यात असा नियम आहे, ज्याला कुणाचीच हाक येत नाही, त्यानं स्वतःलाच घरातला मोठा समजायचं. मी मोठा झालो. धुळीनं भरलेल्या एका कपाटाचा मोठा.

सिस्टरच्या खोलीत काही वेगळं दिसलं नाही. नुसती बेल येईना. बेल येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असंच कुणालाही वाटणार. फक्त ऑफिसातल्या माणसाला मागच्या इमारतीचा फोन लागेना, म्हणून त्यानं शिपाई पाठवून फ्यूजकाकाला बोलावून घेतलं. तो तिथे स्टुलावर चढून एकेक फ्यूज काढून बघत बसला.

आणि इकडे काकू पाण्याच्या पेल्याकडे वाकली, आणि खाटेवरून घसरून खाली पडली. बेल हातातच होती. तिनं ती दाबली. लागोपाठ दोनदा. निरोप माझ्याकडे आला. मी तो घेऊन उभा. पुढे वाट नाही. तिनं परत दोनदा दाबली. परत. फरशीवरचं ऊन सरकून भिंतीवर चढलं तरी ती दाबत होती. माझ्या एका दारातून बेल येत होती, दुसऱ्या दारातून तिचंच चित्र खोपट्यात जात होतं, तिथल्या रिकाम्या स्टुलासमोर. मग मध्ये मध्ये थांबायला लागली. मग दाबायची थांबली.

सिस्टर फेरीवर आली तेव्हा काकू सापडली. खांदा निखळला होता. तो बसवला, बराही झाला.

दुसऱ्या दिवशी जुन्या फिटरला शोधून आणलं. तो आता केसांनी पांढरा झालाय. त्यानं माझं कपाट उघडलं, हिरवा दिवा बघितला, केबलीचा माग काढत खिडकीखाली गेला, आणि परत येऊन फ्यूजकाकाला सगळं सांगितलं. फ्यूजकाका बोळातच फरशीवर बसला.

"म्हणजे ती केबल असती, तर वाजली असती?"

"वाजली असती."

"कळलं."

फिटर म्हणाला, "काका, कुणालाही वाटलं असतं, मेलंय म्हणून."

"वाटलं असतं. पण कापली मी."

फिटरनं दोन्ही केबली नव्या टाकल्या. माझं दार पुन्हा मिटलं, नारंगी दिवा पुन्हा लागला. सगळं पूर्वीसारखं झालं, फक्त काकूनं बेल दाबणं सोडलं. कायमचं.

आता फ्यूजकाका पंखे घेऊन तिच्या खाटेपाशीच बसतो. बेल तिच्या मुठीत ठेवतो, स्वतःच्या अंगठ्यानं दाबतो. तिकडून सिस्टर ओरडते, "वाजली." तो म्हणतो, "ऐकलंस? वाजते." काकू हात काढून घेते आणि भिंतीकडे बघते. सगळ्यांनी एकमेकांना सगळं सांगितलं, फिटरनं, नव्या मेट्रननं, सिस्टरनं. तिला कुणी सांगितलं नाही. ती बोलत नाही, म्हणजे तिला कळतही नसेल, असं धरून चालले सगळे. आणि ज्यानं सांगायचं, तो रोज तोंड उघडतो आणि विचारतो, "पाणी देऊ?"

तिला वाटतं, बेल वाजली होती. सगळ्यांनी ऐकली होती. त्यानंही. आणि कुणी आलं नाही.

मित्रांनो, नवे स्विच यायचेत. मला लवकरच काढतील आणि भंगारात घालतील, त्याचं मला वाईट वाटत नाही. गप्प बसलेल्या दाराची केबल कुणाला तरी विचारल्याशिवाय ओढू नका, एवढं तुम्हाला आता सांगावं लागणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. कधी ह्या बाजूला आलात, तर जाळीच्या कपाटासमोरच्या खोलीत जा. फ्यूजकाका तिथेच असेल, त्याला बसू दे. काकूच्या डाव्या कानाशी वाका आणि तिला सांगा, की त्या दुपारी तुमची बेल वाजलीच नव्हती. कुणालाच ऐकू आली नाही, म्हणून कुणी आलं नाही. का वाजली नाही ते त्याचं त्याला सांगू दे. तुम्ही फक्त एवढं सांगा.