कमरेएवढी खिडकी

अहो, इकडे. खाली बघा, आणखी खाली. हां, मी खिडकी बोलतेय. खिडकी म्हटलं की तुम्हाला वारा, उजेड, बाहेरचं झाड असलं काहीतरी आठवत असेल. माझ्या नशिबी त्यातलं काहीच आलं नाही. भिंतीत एक चौकोनी भोक, त्याला लाकडी चौकट, खाली हात टेकायला फळी आणि आत सरकणारी झडप, एवढाच माझा संसार. उंची म्हणाल तर धडधाकट माणसाच्या कमरेएवढी. मी पास कचेरीची खिडकी. आता फार थकलेय, तेव्हा बोलता बोलता मध्येच थांबले तर रागवू नका.

त्या काळी इथं परक्यांचं राज्य होतं. समोरचा पूल आपल्याच गवंड्यांनी बांधलेला, पण साहेबांनी हुकूम काढला की पुलापलीकडे जायचं तर पास हवा, आणि तोही एका खेपेपुरता. पलीकडे बाजार, कारखाने, साहेबांचे बंगले, शिवाय कित्येकांच्या दिल्या घरच्या लेकी. म्हणजे रोज उठून पास मागणं आलंच. त्यासाठी पुलाच्या अलीकडच्या टोकाला ही कचेरी उभी राहिली.

मला घडवलं ते एका सुतारानं. हात फार चांगला होता त्याचा. त्यानं भिंतीवर छातीच्या उंचीवर खडूनं खूण केली, तेवढ्यात मोठे साहेब आले. त्यांनी हातातली छडी बरीच खाली टेकवली आणि म्हणाले, "इथं."

"साहेब, माप चुकतंय," सुतार म्हणाला. "बोलायला माणसाला वाकावं लागेल."

"मग वाकेल."

सुतारानं मग दिवसभर घासून माझ्या कडा गोल केल्या. निदान कुणाचं कपाळ फुटायला नको, असं पुटपुटत होता. पुढच्याच आठवड्यात लाकूड आणायला पलीकडे जायचं म्हणून तोच माझ्यासमोर येऊन वाकला. माझ्याकडे बघणं त्यानं टाळलं. मलाही त्याच्याकडे बघवेना.

तेव्हापासून वर्षानुवर्षं मी माणसं वाकलेली पाहिली. तुम्हाला सांगते, वाकलेल्या माणसाचा आवाज बदलतो. रांगेत उभा असताना तावातावानं बोलणारा गडी माझ्यापाशी आला की पार मवाळ होऊन जायचा. मान तिरकी करून, तोंड वर करून बोलायचं म्हणजे पोटातून आवाजच निघत नाही. मागच्यांना त्याच्या सदऱ्याची ठिगळं दिसायची आणि ती लोकं उगाच दुसरीकडे बघायची. आत बसलेला कारकून आपल्यातलाच होता, पण त्याला दिसायचे ते नुसते भांग, टकलं आणि पागोटी. डोक्यांशीच बोलायची सवय लागलेली त्याला. आजोबांच्या वयाच्या माणसालाही "ए, नाव सांग तुझं" म्हणायचा. स्वभावानं दुष्ट नव्हता बिचारा, पण समोर तोंडच नाही म्हटल्यावर जीभ सैल सुटते माणसाची.

माझा यात काय दोष, असं मी स्वतःची समजूत घालायची. पण लाज वाटायची ती वाटायचीच.

आता त्या सुईणीचं सांगते. पन्नाशी उलटलेली बाई, अंगानं भारदस्त, बोलणं रोखठोक. अलीकडच्या काठावरचं निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे लहानथोर सगळे तिला मावशी म्हणायचे. तिची एकुलती एक लेक पुलापलीकडे दिलेली. लेकीचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा मावशीला पास मिळाला तो दोन दिवस उशिरा. बाळ हाताला लागलं नाही. त्यानंतर तीन वर्षांनी लेक पुन्हा गरोदर राहिली होती, आणि मावशीचा जीव टांगणीला लागला होता.

एके सकाळी मावशी रांगेत आली ती बगलेत एक तीन पायांचं बुटकं स्टूल घेऊन. बाळंतिणीपाशी बसायचं तिचं कामाचं स्टूल ते. तिचा गुडघा धरला होता आणि कंबर मोडून वाकणं तिला जमेना. बंड-बिंड काही तिच्या डोक्यात नव्हतं हो! नंबर आल्यावर तिनं स्टूल माझ्यासमोर ठेवलं, "आई गं" म्हणत त्यावर बसली आणि समोर बघितलं. तिचं तोंड थेट कारकुनाच्या तोंडासमोर आलं.

कारकून दचकलाच. इतक्या वर्षांत माझ्यातून पुरतं तोंड त्यानं पहिल्यांदा पाहिलं असेल.

"बोला," तो म्हणाला. "काय काम आहे तुमचं?"

'तुमचं' म्हणाला! रांगेतल्या माना एकदम वर झाल्या.

"लेकीकडे जायचंय," मावशी म्हणाली. "आठवा महिना आहे तिला. बघून येते."

पास मिळाला. ती उठली तसा मागचा दोरखंड वळणारा पुढं झाला. मोठा मिस्कील माणूस. "मावशी, स्टूल ठेवून जाता का जरा? माझा पण गुडघा दुखायला लागलाय आत्ताच." सगळे हसले. त्या दिवशी दुपारपर्यंत त्या एका स्टुलावर अख्खी रांग बसून गेली, आणि सगळ्यांचे गुडघे दुखत होते.

दुसऱ्या दिवशी काय बघते, तर प्रत्येकाच्या हातात काही ना काही बसायला! चांभाराचा पाट, गवळणीचा चौरंग, कुणाची पत्र्याची पेटी, कुणी नुसती बादलीच उलटी घातलेली. शाळेचे मास्तर तर वर्गातली खुर्चीच घेऊन आले, ती उंच झाली आणि त्यांना पुन्हा वाकावं लागलं, तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली लोकांची. आदल्या दिवसापर्यंत मी माझ्यासमोर कुणाला हसताना ऐकलं नव्हतं.

मोठे साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी आल्या आल्या माझ्या चौकटीवर कागद ठोकवला: अर्ज उभ्यानं करावा, बसलेल्यास पास मिळणार नाही.

तिथून खरा सामना सुरू झाला. लोक रोज यायचे, बसायचे, पास मागायचे. कारकून मान हलवायचा. लोक दिवसभर बसून संध्याकाळी घरी जायचे. कुणी आरडाओरडा केला नाही की दगड उचलला नाही. पलीकडच्या कारखान्यांची धुराडी थंड पडली, बंगल्यांतले कपडे धुवायचे राहिले. पण इकडेही चुली थंडावल्याच. गवळणीच्या घरी दोन वेळचे वांधे झाले. तरी कुणी वाकलं नाही.

मावशी रोज पहिल्या नंबरला. लेकीला बघून आली होती तेव्हापासून तिचं तोंड उतरलेलं असायचं. एकदा मास्तरांना हळूच म्हणाली, "मूल आडवं आहे हो. कळा सुरू झाल्या की आतून फिरवावं लागेल. तिकडे कुणाच्या हाताला ते जमायचं नाही. मी नसले तर दोघंही जातील."

मास्तरांनी आपली खुर्ची तिच्या शेजारी ओढली.

एकविसाव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, साहेबांच्या बंगल्यांना दूध घालणारा पुलावरून धावत आला. त्याला तेवढा कायमचा पास होता. "मावशी, पहाटेपासून कळा सुरू आहेत. सासूबाई घाबरल्यात. म्हणाल्या, काही कर पण आईला घेऊन ये."

मावशी उठून उभी राहिली. मग पुन्हा खाली बसली.

"मावशी, जा तुम्ही," मास्तर म्हणाले. "वाका आणि पास घ्या. कुणी एका शब्दानं बोलणार नाही."

"एवढे दिवस पोराबाळांच्या पोटाला चिमटा काढून बसलात तुम्ही. आणि मी वाकू? मीच? उद्या साहेब सांगत सुटेल, सुरुवात करणारीच वाकली म्हणून. मग तुमच्यातला एक तरी टिकेल का?"

"आणि तिकडे लेक?" गवळण म्हणाली.

मावशीनं पदर तोंडाला लावला. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहत होते.

तेव्हा तो दोरखंड वळणारा उठला. नेहमीसारखा चेष्टेत नव्हता. "साहेब सांगेल, पण साक्षीला कोण? आम्ही बघितलंच नाही तर?" असं म्हणून त्यानं आपली पेटी उलट्या दिशेला वळवली आणि नदीकडे तोंड करून बसला. त्याच्या शेजारी चांभारानं पाट फिरवला. मग गवळणीनं. मास्तरांनी खुर्ची फिरवली. फरशीवर पाट, पेट्या, बादल्या खरखरत गेल्या आणि बघता बघता सगळी रांग माझ्याकडे पाठ करून बसली. एक जण मागं वळून बघेल तर शपथ.

मावशी आली. माझी फळी तिनं दोन्ही हातांनी धरली. त्या धरलेल्या गुडघ्यावर भार देत ती वाकली, अगदी जिथं छडी टेकली होती तिथवर. मी लाकडाची, मी काय करणार? "लेक बाळंत होतेय," एवढंच ती बोलली. कारकुनानं नावसुद्धा विचारलं नाही. त्यानं भिंतीकडे बघत शिक्का मारला आणि पास पुढं सरकवला. त्यानंही तिला पाहिलं नाही.

पाहणारी मी एकटी. मला कुठं तोंड फिरवता येतंय?

सहाव्या दिवशी मावशी परतली. डोळे खोल गेलेले, पण चालण्यात जोर होता. "नात झाली," ती म्हणाली. "पायाळू आहे, पण खणखणीत. लेकही सुखरूप." दोरखंडवाला म्हणाला, "वा! पेढे काढा." ती कशी गेली, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही. ती रांगेत शेवटी स्टूल टाकून बसली. आणखी दोन दिवसांनी कारखानदारांनीच साहेबांपुढं हात जोडले, चौकटीवरचा कागद निघाला आणि बसलेल्यांना पास मिळायला लागले.

पुढं काही वर्षांनी परक्यांचं राज्यही गेलं. पूल मोकळा झाला. माझी झडप लावली गेली ती कितीतरी वर्षं कुणी उघडलीच नाही. कचेरीत कोळसा ठेवायचे. वाळवीनं माझी एक बाजू खाल्ली. त्या दिवसांत मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग एक दिवस रंगारी आले. कचेरीचं संग्रहालय झालं. मला तेलपाणी करून शेजारी संगमरवरी पाटी बसवली. उद्घाटनाला नवे अधिकारी आले, गर्दी जमली. मावशीला मानानं पुढं बसवलं होतं. ऐंशी ओलांडलेली, सोबत ती पायाळू नात. अधिकाऱ्यांनी पाटी मोठ्यानं वाचली: "या खिडकीसमोर आपले लोक अठ्ठावीस दिवस बसून राहिले. एकही माणूस वाकला नाही."

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर मावशी म्हणाली, "मी वाकले होते."

अधिकारी हसले. "आजींचं वय झालंय."

"वय झालंय, डोकं ठिकाणावर आहे. मी वाकले होते. ते लिहा."

दोरखंडवाला तिच्या मागंच काठी टेकून उभा होता. तो खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "मावशी, असू दे ना आता. आम्ही कुणी पाहिलं नाही."

"तुम्ही पाहिलं नाहीत म्हणूनच मी वाकू शकले रे," ती म्हणाली. "मी एकटी वाकले, त्यात काय आहे? तुम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवलीत, ते कुठं लिहिलंय या दगडावर?"

म्हातारा गडी ढसाढसा रडला. नातीनं हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिनं विचारलं, "आजी, माझ्यासाठी वाकलीस?"

"तुझ्या आईसाठी. तुझी-माझी ओळख कुठं होती तेव्हा?"

पाटी बदलली नाही. मावशी त्या वर्षीच गेली, दोरखंडवाला पुढच्या वर्षी. आता शाळेतली मुलं येतात, पाटी वाचतात आणि मान ताठ करून निघून जातात. मला त्यांची भीती वाटते. उद्या यांच्यातल्या कुणावर तशी वेळ आली, तर त्याला वाटेल की आपण एकटेच नालायक निघालो, पूर्वीची माणसं काय लोखंडाची होती! तशी नव्हती हो ती. मी जवळून पाहिलीत.

वाळवी पुन्हा लागलीय मला, या खेपेला फार आतपर्यंत. मी पडले की डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारं कुणी उरणार नाही. म्हणून तुम्हाला हाक मारली. त्या पाटीखाली जागा आहे. तिथं लिहा, की एकविसाव्या दिवशी एक आई वाकली आणि रांगेतल्या एकानंही तिच्याकडे पाहिलं नाही. एवढं लिहून झालं की जाताना माझी झडप तेवढी लावून घ्या.