ओटिस क्रेनशॉच्या डोक्यावरची अकरा वर्षं

मी अमेरिकन फुटबॉलचं एक जुनं हेल्मेट आहे, मित्रांनो. ओहायोतल्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून थेट ओटिस क्रेनशॉच्या डोक्यावर माझी नेमणूक झाली. ओटिस म्हणजे सव्वाशे किलोचा धिप्पाड गडी. चेंडू त्याच्या हाती कधी यायचाच नाही. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे भिंत होऊन उभं राहायचं आणि अंगावर येणाऱ्याला अडवायचं, एवढंच त्याचं काम. एका सामन्यात साठ-साठ धडका. प्रत्येक धडक आधी मला बसायची आणि माझ्यातून त्याला.

"डोकं आधी घाल, ओटिस!" कोच हॅलोरन ओरडायचे. "विचार करायला नाही दिलंय ते तुला!"

एकदा धडकेनंतर तो उठला आणि सरळ विरुद्ध संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. संघाच्या डॉक्टरांनी त्याच्यापुढे दोन बोटं नाचवली. "किती?"

"मंगळवार," ओटिस म्हणाला.

बाकावरचे सगळे पोट धरून हसले. डॉक्टरही हसले. "जरा भणभणतंय डोकं, बस्स. जा, जा!" ओटिसनं मला पुन्हा डोक्यावर चढवलं. सामना जिंकला, खांद्यावर मिरवला गेला तो चेंडू फेकणारा.

अकराव्या वर्षी गुडघा मोडला आणि पंधरा दिवसांत क्लबनं त्याला नारळ दिला. मला घेऊन तो घरी आला. पन्नाशीही गाठली नव्हती, तोच रस्ते चुकू लागला. बायकोला, लोरेटाला, विचारायचा, "बाई, आपण कुणाकडे आलात?"

अशात क्लबनं त्याला सत्काराला बोलावलं. सूट घालून, मला काखेत धरून तो मैदानात उभा होता. कुठेशी शिट्टी वाजली मात्र, मी धपकन खाली पडलं. ओटिस सामन्यातल्यासारखा बोटं जमिनीला टेकून वाकला आणि उघड्या डोक्यानं बँडवाल्यांवर धावून गेला. ढोलवाला ढोलासकट आडवा! साठ हजार माणसं हसत टाळ्या पिटू लागली.

"बघा, अजून काही विसरला नाही गडी!" म्हातारे हॅलोरन खूश होऊन म्हणाले.

लोरेटा धावत आली. त्याच्या कपाळावरच्या रक्तावर रुमाल दाबत म्हणाली, "माझं नाव विसरलाय तो, कोच."

त्या दिवसापासून मी क्लबच्या काचेच्या कपाटात असतं. दर सोमवारी एक माणूस मला मऊ फडक्यानं पुसतो. ओटिस गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात आहे. परवा लोरेटा कपाटापुढे बराच वेळ उभी होती. मग त्या माणसाला म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं तोंड इतक्या निगुतीनं कुणी पुसत नाही हो."

मित्रांनो, माझी निगा पुरे झाली. ते फडकं तिकडे न्या.