चरबीची बरणी

मला कॉलेजात सगळे हाडक्या म्हणतात. म्हणोत बापडे! मेलेल्या जनावरांची हाडं उकळायची, घासायची, भोकं पाडून तारेनं जोडायची आणि सांगाडा विद्यार्थ्यांसमोर उभा करायचा, हे माझं काम. सत्तावीस वर्षं करतोय, थट्टा नाही.

मावशीची घोडी आली तेव्हा मात्र माझे हात आखडले. धातू गाळायच्या भट्टीला लागूनच मावशीचा तबेला. घोडी उभ्या उभ्या कोसळली, मांडीचं हाड मोडून गेली. भट्टीवाल्यांचा डॉक्टर तत्परतेनं आला आणि लिहून गेला, उपासमार! आता उरलेल्या दोन्ही घोड्या मावशीकडून काढून घ्यायच्या की नाही, याची शुक्रवारी सुनावणी होती.

"अरे, एखाद्या वेळी मी उपाशी झोपले असेन, ती नाही," मावशी काठी आपटत म्हणाली.

मी हाडाला ड्रिल लावलं. चांगल्या हाडावर ते किंचाळतं. इथं टोस्टात शिरावं तसं आत गेलं. माझ्या तोंडून शिवीच निघाली.

आमच्या सरांना भट्टीवाल्यांनी नवी प्रयोगशाळा बांधून दिलेली. ते म्हणाले, "उपासमारीचा नमुना म्हणून जोडून ठेव. पाटी लिही. जास्त डोकं चालवू नकोस."

पण हाडं मी उकळली होती, सरांनी नाही. उपाशी जनावराच्या नळीतल्या मगजाचं पाणी होतं, त्यात चरबी उरत नाही. या घोडीच्या नळ्या उकळल्या तर पातेल्यावर बोटभर थर आला होता. तो मी बरणीत भरला.

शुक्रवारी मी सुनावणीत घुसलो.

"तुला कुणी बोलावलं?" सर कडाडले.

"घोडीनं."

बरणी आणि हाड मी सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि चरबीचं सगळं सांगितलं. त्यांनी हाडावर अंगठा दाबला, कडेचा भुगा झाला.

"पोटभर खाऊन हे असं कशानं होतं?"

"भट्टीची धूळ गवतावर बसते, तबेल्यामागच्या तळ्यात उतरते. वर्षानुवर्षं त्या धुळीतला धातू पोटात गेला की हाडांतलं कॅल्शियम झिजतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. हाड तपासायला पाठवा, पण सरांच्या प्रयोगशाळेत नको!"

बाईंनी हाड सीलबंद केलं. निकाल येईपर्यंत घोड्या मावशीकडेच राहतील, असं लिहिलं. सर माझ्या कानाशी म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मी म्हटलं, "बरं." भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण मान खाली घातली नाही.

बाईंनी विचारलं, "त्या तळ्याचं पाणी आणखी कोण पितं?"

मावशी काठीवर भार देत उठली.

"मी. बावीस वर्षं. मागच्या महिन्यात शिंकले तर बरगडी मोडली."

बाईंचं पेन थांबलं. मावशी माझ्याकडे वळली. "आणि तू रे, नोकरी गेली म्हणून हत्यारं विकायची नाहीत. मी मेले की मलाही जोडायचं आणि भट्टीच्या दारात ठेवायचं. पाटीवर लिही, अजून उभी आहे."