शेजारच्या सीटवरचा आवाज

वय झालं की लायसन्स वाढवून घेताना पुन्हा गाडी चालवून दाखवायची, असा कायदा निघाला. आमच्या ह्यांनी तो हसण्यावारी नेला. "अगं, मला काय शिकवणार ते? मी डोळे मिटून चालवतो!"

ते मात्र खरं होतं. डोळे माझेच असायचे. "सायकल आली, ब्रेक दाबा. आता वळा. अहो, वळा म्हणते ना!" आणि ह्यांचं एकच पालुपद, "तू गप्प बस गं." नापास झालात तर गाडी विकून टाकू, असं मुलीने बजावलं होतं. गाडी गेली असती तर हे दिवसभर घरात धुसफुसत बसले असते, आणि ते निस्तरायचं कोणी? मीच!

परीक्षेच्या दिवशी परीक्षा घेणाऱ्या आरटीओच्या साहेबांनी मला गाडीतून उतरवलं. "शेजारी मी बसणार, काकू."

बसा बापडे! मी कुंपणाशी उभी राहिले. गाडी झोकात समोरच्या चौकापर्यंत गेली आणि थांबली ती थांबलीच. सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. शेवटी मला राहवेना, कुंपणाशूनच ओरडले, "अहो, निघा ना! रस्ता मोकळा आहे!" गाडी लगेच सुटली.

झालं, नापास! "सिग्नल दिसत नव्हता का?" साहेबांनी विचारलं.

"दिसत होता हो," हे मान खाली घालून म्हणाले. "पण हिने सांगितल्याशिवाय मी कधी निघालोच नाही."

घ्या! आणि मी इतकी वर्षं समजत होते, हा माणूस माझं एक अक्षर ऐकत नाही. लाजले मी, पण भांडायची थोडीच थांबले! "साहेब, लायसन्सवर 'चष्मा लावून' असं लिहिता ना? तसं 'बायकोसह' लिहा."

"कायद्यात बायकोची सोय नाही, काकू," साहेब हसू दाबत म्हणाले. "पुढच्या महिन्यात या. तोवर सराव करा, आणि तुम्ही बोलायचं नाही."

मुलीनेही तेवढी एक महिन्याची मुदत दिली. आता रोज संध्याकाळी सराव. पहिल्या दिवशी ह्यांनी कचऱ्याचा डबा आडवा केला, तरी मी ब्र काढला नाही. पदर तोंडात धरून बसले. काल मात्र समोरून ट्रक आला, ह्यांनी आपणहून वेग कमी केला, त्याला जाऊ दिलं आणि सुरेख वळण घेतलं. मग लढाई जिंकल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"पास होणार तुम्ही," मी म्हटलं, आणि मेलं रडूच आलं मला. आता माझं ऐकणार कोण?