तिसऱ्या मुद्द्याचे दोन गुण

"यास्मीन, इथं दोन गुण कशाचे दिलेस?" उदयसिंह सरांनी फेरतपासणीचा हिरवा पेन तिनं तपासलेल्या उत्तरपत्रिकेवर टेकवला.

पेपर तपासणी केंद्रातले पंखे सोलापूरची मे महिन्यातली गरम हवा नुसती ढवळत होते. प्रश्न होता, एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन उदारमतवाद्यांची राजकीय उद्दिष्टे. सरांच्या नमुना उत्तरात पाच मुद्दे होते: देशाचं एकीकरण, लिखित राज्यघटना, सर्वांना मताधिकार, वृत्तपत्रांना स्वातंत्र्य, कायद्यापुढं समानता. मुद्दा दिसला की दोन गुण, नाहीतर भोपळा. सोपं काम!

या पेपरात मात्र तिसरा मुद्दा उलटाच होता. 'सगळ्यांना मत द्यायला हे लोक घाबरत होते. घरदार, शिक्षण असलेल्या पुरुषांनाच मत हवं. मजूर नको, बायांचं तर नावच नाही.'

"सर, बरोबर आहे ते," यास्मीन म्हणाली.

"नमुना उत्तर मी काढलंय."

"माहितीय. तेच लिहून मी तुमच्या वर्गात पहिली आले. नऊ वर्षं पोरांना तेच सांगितलं. गेल्या वर्षी मोठी पुस्तकं काढून वाचली, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. त्यांच्यातल्या बहुतेकांना राजा हवा होता, फक्त घटनेनं बांधलेला. आणि गरिबाच्या मताची त्यांना धास्ती होती."

शेजारून शिवलीला मॅडमनी यास्मीनचा पाय चपलेनं दाबला. गप्प बस, बाई! यास्मीनची नोकरी तासिका तत्त्वावरची, दर वर्षी नवी नेमणूक. जूनच्या मुलाखतीला समितीत सरच बसणार होते. इकडं हा पेपर चोवीस गुणांवर जेमतेम पास होत होता. दोन गेले की नापास.

"म्हणजे मी पंचवीस वर्षं चुकीचं शिकवलं?" सरांचा आवाज चढला. आजूबाजूचे लाल पेन थांबले.

सरांबद्दल यास्मीनला मनापासून आदर होता, हीच तर पंचाईत. मंगळवेढ्याहून एसटीनं येणाऱ्या बुजऱ्या मुलीला हाताला धरून ग्रंथालयात त्यांनीच बसवलं होतं.

"एवढा एक मुद्दा चुकला, सर."

"बरं! मग ज्यांनी माझं उत्तर लिहिलंय त्यांचे गुण काप. चारशे पोरं आहेत. काप की!"

"त्यांचे कशाला कापू? चूक तुमची आणि माझी. पोरांनी काय केलं?"

सरांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग गुणांना हात न लावता त्यांनी हिरवी सही ठोकली आणि पेपर गठ्ठ्यात सरकवला.

"हुशार झालीस," एवढंच म्हणाले.

जूनमधली मुलाखत दोन मिनिटांत आटोपली, तेव्हाच यास्मीन काय ते समजली होती. जुलैत यादी लागली. तिचं नाव नव्हतं. ती कॉलेजात ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला आली, तशा शिवलीला मॅडम तणतणत तिच्या मागोमाग आल्या.

"सरांच्या घरी जा की गं! चुकलं म्हण, विरघळतील ते. कोण कुठली पोरगी, तिच्या दोन मार्कांपायी नऊ वर्षं पाण्यात घातलीस!"

"पोरगी होती का पोरगा, तेही ठाऊक नाही मला. पेपरवर नाव कुठं असतं? नुसता बारकोड."

यास्मीननं पुस्तकं टेबलावर ठेवली, कार्डावर शिक्का मारून घेतला. डोळे भरून आले होते, ते तिनं लपवलंही नाही.

"पास झालं, एवढं मात्र नक्की," ती म्हणाली.