मुठीचं गाडगं

मी मुठीचं गाडगं बोलतोय. जरा हळूच बोलतो हं, घरात माणसं आहेत. जे सांगायचंय ते दीड वर्ष पोटात ठेवून माझा जीव टांगणीला लागला होता. आधीच माझा स्वभाव काळजीचा. पोट मोठं आणि तोंड लहान असलं की असंच होतं बघा.

जन्म माझा सुदुंबऱ्याचा. तिथल्या कुंभारानं मला चाकावरून उतरवलं, थापटलं, भाजलं आणि शेवटी बोटानं टणटण वाजवून पाहिलं. "वाजतंय झ्याक," एवढंच म्हणाला. मग माझ्यासारख्या भावंडांनी बैलगाडी भरली आणि ती लोणावळ्याला निघाली. मला वाटलं, आता कुणी पाणी भरील, दही लावील, फार तर लोणचं घालील. कसलं काय!

लोणावळ्यात तेव्हा शेतकऱ्यांच्या मुलांचं एक बोर्डिंग होतं. मुलं तिथं राहायची, हायस्कुलात जायची, आणि त्यांच्या पोटाची सोय मावळातल्या बायका करायच्या. रीत अशी, की सकाळी भाताला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ आधी मुलांच्या नावानं गाडग्यात टाकायची, मग चूल पेटवायची. आठवड्यानं बोर्डिंगातलं कुणी यायचं आणि गाडगं रिकामं करून न्यायचं. एकदा आत गेलेली मूठ घरासाठी परत काढायची नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

बोर्डिंगानं घरोघर वाटलेल्या गाडग्यांत मी आलो बेडशाला, कोंडाजी आणि नंदाबाईच्या घरी. कोंडाजी गरीब माणूस, बैलांशी जास्त बोलायचा. नंदाबाईचा आवाज मात्र पार डोंगरातल्या लेण्यांपर्यंत जायचा. नवऱ्यावर चिडली की तिची मूठ मोठी व्हायची, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. मग मी मनात म्हणायचो, भांडा बाई, भांडा, तेवढीच पोरांची चंगळ. त्यांची शालू तेव्हा सात-आठ वर्षांची. तीही आईचा डोळा चुकवून आपली चिमुकली मूठ माझ्यात टाकायची.

दर शनिवारी यायचा सोपान. वराळ्याचा मुलगा, मॅट्रिकच्या वर्गातला, उंच आणि किडकिडीत. कामशेतला गाडीतून उतरायचा आणि खांद्यावर पोतं टाकून गावं पायी करायचा. आमच्याकडे आला की नंदाबाई गुळाचा चहा टाकायची आणि तो शालूला जमिनीवर कोळशानं अक्षरं काढून दाखवायचा.

एकदा चहा पिता पिता तो म्हणाला, "मावशी, जेवताना कदी कदी घास अडकतो बगा. इतक्या घरांचा भात हाय तो."

"मग नीट चावून खात जा की," नंदाबाई म्हणाली.

"चेष्टा नगा करू. फेडायचं कसं हे?"

"आमी काय दिलं रं, एक मूठ! तिचं काय फेडतोस?"

सोपान म्हणाला, "मास्तर होऊन हितंच येतो. बेडशात शाळा काडतो. शालूचं नाव पयलं लिवतो, बगाच तुमी."

नंदाबाई हसली. पोरींना शाळा कशाला, असं तिनं म्हटलं खरं, पण पुढच्या शनिवारी चहात गूळ जास्त होता.

बेचाळीस सालचा श्रावण आला आणि सोपानाचं बोलणं कमी झालं. एका शनिवारी नंदाबाई आत चहा करत असताना त्यानं मला रिकामं केलं, कोटाच्या आतून पळसाच्या पानात बांधलेला गठ्ठा काढला आणि माझ्या तळाशी बसवला. वर पोत्यातले दोन ओंजळी तांदूळ ओतले. माझ्या अंगावर काटाच आला! सरकारविरुद्धची पत्रकं होती ती. बोर्डिंगाची झडती होणार अशी कुणकुण होती, म्हणून ती माझ्या पोटात आली. आता दर शनिवारी तो त्यातली थोडी काढणार, तांदळाच्या पोत्यातून आसपासच्या गावांत पोचवणार, बाकीची पुन्हा झाकून ठेवणार.

काठावर हात ठेवून तो पुटपुटला, "इतक्या घरांचं खाऊन गप बसलो तर ते खाल्लेलं अंगी लागंल का? आन बोललो, आन त्यापायी बोर्डिंगच बंद पडलं, तर ही मूठ कुनासाटी?"

मला विचारत होता की स्वतःला, कोण जाणे. मला तोंड आहे पण उत्तर देता येत नाही. एक मात्र मला सांगावंसं वाटत होतं: अरे, निदान नंदाबाईच्या कानावर तरी घाल! पण त्यानं नाही घातलं. त्याला वाटलं, तिला ठाऊक नसलं म्हणजे तिला त्रास नाही. चांगल्या मनाची माणसं अशीच चुकतात. ती बिचारी रोज सकाळी माझ्यात मूठ टाकत राहिली आणि मी रोज धास्तावत राहिलो.

भाद्रपद लागला. कामशेतच्या अलीकडे कुणी तरी तारा कापल्या आणि पोलीस गावागावांतून फिरू लागले. एका दुपारी ते बेडशात उतरले. चावडीत मुक्काम पडला आणि पाटलानं कुणाच्या घरी कोण जेवणार हे वाटून दिलं. आमच्या वाट्याला आला हवालदार. भारदस्त मिशा, बोलणं मात्र मऊ. पडवीत पाय पसरून बसला आणि म्हणाला, "मावशी, काय असंल ते वाढा. सकाळपास्नं पोटात काय न्हाई."

भाद्रपदात मावळात घरोघरी कणग्या तळाला गेलेल्या असतात. शेतात भात हिरवा, घरात जुना संपत आलेला. नंदाबाईनं कणगी खरवडली, निघाली जेमतेम मूठभर कणी. शेजारी मागायला जावं तर तिथंही शिपाई बसलेले. ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"पोलीस असला म्हनून काय झालं? दारात आलेला मानूस उपाशी कसा जाईल?" ती स्वतःशीच म्हणाली. मग मला हात जोडले. "पोरांनो, येक डाव उसनं घेते. फुडल्या आटवड्यात दोन दोन मुठी टाकीन."

नको, नंदाबाई, नको! मी जीव तोडून ओरडलो, पण गाडग्याचं कोण ऐकतं? तिनं मला उचललं आणि सुपात उपडं केलं. तांदूळ पडले आणि पाठोपाठ पानांचा गठ्ठा.

तिनं पान सोडलं. छापलेले कागद पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, बोर्डिंगातल्या पोरांनी आपल्यासाठी काही तरी लिहून पाठवलंय. आणि घरात लिहिणारा-वाचणारा माणूस तर आयता बसलेला! ती कागद घेऊन थेट पडवीत गेली.

"सायेब, वाचा की जरा. आमच्या पोरानं काय लिवलंय?"

हवालदारानं वाचलं. त्यानं कागदाची मागची बाजू पाहिली, पुढची पाहिली, आणि शांतपणे म्हणाला, "बोर्डिंगवाल्यांनी तुमचं आभार मानल्यात मावशी. कुनी ठेवलं हे?"

"सोपाननं, आनि कुनी! वराळ्याचा हाय. लय गुनाचं पोरगं. दर शनवारी येतंय, दुपारच्या गाडीनं."

अरे देवा! नाव, गाव, वार, वेळ, सगळं सगळं सांगून मोकळी झाली, आणि ते किती कौतुकानं! हवालदार पोटभर जेवला. ताटाला नमस्कार केला. जाताना "साहेबांना दाखवतो" म्हणून गठ्ठा खिशात घातला. एक कागद तेवढा ओलीनं माझ्या तळाला चिकटून राहिला होता. तो नंदाबाईला संध्याकाळी सापडला. तिनं तो सुकवून देवाच्या फळीवर ठेवला.

शनिवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कुणी तरी त्याला वाटेत गाठा, परत पाठवा, त्याची गाडी तरी चुकू दे, असं म्हणत राहिलो. गाडी वेळेवर आली. सोपान ओटीवर पाय ठेवतोय तोच घरामागून हवालदार आणि शिपाई आले.

नंदाबाई धावत बाहेर आली. "आवं, त्याला कशाला धरताय? काय केलंय त्यानं?" मग एकदम तिला शंका आली. "सोपान, त्या आभाराच्या कागदापायी का रं? मी तो..."

सोपानानं तिच्याकडे पाहिलं, हवालदाराच्या खिशातून डोकावणाऱ्या कागदांकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं, हे मला दिसलं. पण तो म्हणाला, "छ्या, मावशी! तो आभाराचा कागद. माजं नाव लोनावळ्यातच फुटलंय. तुमचा काय संबंद न्हाई."

एकच खोटं दोघं बोलले. एकानं त्याला धरायला, दुसऱ्यानं तिला सोडवायला.

जाताना सोपान मागं वळून म्हणाला, "शालूला शाळंत घाला. माजी वाट बगू नगा."

नंदाबाईनं ते मनावर घेतलं. दिवाळी झाल्यावर शालू खालच्या गावच्या शाळेत जाऊ लागली. आणि माझी नवी काळजी सुरू झाली! ती पोर अक्षरं शिकायची, पाटीवर गिरवायची, मोठ्यानं म्हणायची, आणि माझं लक्ष देवाच्या फळीकडे. शीक बाई, असंही वाटायचं, आणि सावकाश शीक, असंही वाटायचं. बोर्डिंग चालू होतं, पण धास्तीनं महिनोन् महिने आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. मी भरलो, तर नंदाबाईनं शेजारी दुसरं गाडगं मांडलं. मूठ चुकली नाही.

दीड वर्ष गेलं. एका सकाळी शालूनं फळी झाडताना तो कागद काढला. "आये, वाचू का?"

"वाच की. आभार हाय त्यो."

शालूनं बोट ठेवून वाचलं. "बंधु-भगिनींनो, परक्या सरकारला सारा देऊ नका. तुरुंगाला भिऊ नका. हा कागद वाचून पुढच्या घरी द्या."

नंदाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "पुना वाच," ती म्हणाली. शालूनं पुन्हा वाचलं. मग नंदाबाईच्या काळजात काय काय झालं असेल! त्या दिवसापासून तिचा आवाज बसला. घास खाली उतरेना. कोंडाजी समजूत घालायचा, पण ती एकच म्हणायची, "माज्या हातानं दिलं मी पोराला."

असे आठ दिवस गेले आणि शनिवारी सोपान आला. सुटून आला होता. गाल बसलेले, डोक्यावर केस बारीक, खांद्यावर पोतं नव्हतं.

"मावशी, वळकलंत का?"

तिनं बसही म्हटलं नाही. "मीच दिलं ना रं तुला धरून?"

"कोन म्हनलं असं?"

"कागद म्हनला. आमचाच भात खाऊन आमालाच खोटं सांगाया शिकलास व्हय?"

सोपानाची मान खाली गेली. मला वाटलं, संपलं आता, ही पुन्हा पहिल्यासारखी बोलायची नाही. मग त्यानं हळूच मान वर केली. "पन मावशी, कागद वाचला कुनी?"

"शालूनं."

"शालूनं? आपल्या शालूनं? समदा?"

"समदा."

"जोडाक्षरं बी?"

त्यानं शालूला हाक मारली, तिच्या हातात कागद दिला आणि पुन्हा वाचायला लावलं. शालू घडाघडा वाचत गेली. सोपान हसत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता.

"हसतुयास काय मेल्या! हितं माजा जीव चाललाय," नंदाबाई म्हणाली, आणि तिलाच रडू फुटलं. मग तिनं चहा ठेवला.

त्याचं मॅट्रिक राहिलं ते राहिलंच. पण परवा त्यानं चहा पिता पिता कोटाच्या आत हात घातला आणि माझ्याकडे पाहिलं. नंदाबाईनं त्याचा हात धरला. म्हणाली, "काय ठेवायचं ते खुशाल ठिव. पन सांगून ठिव."

त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं स्वतःच्या हातानं तो गठ्ठा माझ्यात ठेवला, वर तांदूळ घातले आणि दाराकडे एक नजर टाकली.

माझ्या काठाला आता बारीक चीर गेली आहे. काळजी काही मिटलेली नाही. तुमच्या घरी असं गाडगं असेल तर त्यात मूठ टाकत राहा, आणि काही लपवायचं असेल तर घरच्या बाईला सांगून लपवा, एवढंच मागणं. इतके दिवस या घरात मी एकटाच काळजी करत होतो. आता आम्ही दोघं करतो.